खुडूक कोंबडीचं बिऱ्हाड

२०१८ सालची गोष्ट. दिवाळी झाली आणि लालबागच्या आमच्या मावशीच्या घरात एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. चाळ पुनर्विकासासाठी रिकामी करून द्यायची तारीख पक्की झाली, ३० नोव्हेंबर. आणि मावशीची तांबडी कोंबडी खुडूक बसली.

पहिल्या गोष्टीची कुणकुण सगळ्यांना दोन वर्षं होती. दुसरी अगदीच अवचित आली. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, जुन्या फळीच्या खोक्याचं केलेलं खुराडं होतं. त्यात दोन कोंबड्या, तांबडी आणि काळी. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात कणकवलीकडच्या गावाहून परतताना मावशीनं त्या आणल्या, तेव्हा अंड्यावर न आलेल्या तलंगा होत्या. दोघींनी वर्षभर मावशीच्या नातवाला अंडी पुरवली. आता तांबडी दोन अंड्यांवर पंख पसरून बसली होती. जवळ गेलं की पिसं फुलवून फुगायची, घशातून घरघर काढायची आणि हात पुढे केला की टोचायची. एरवी पोळीच्या तुकड्यासाठी मांडीवर चढणारी हीच ती कोंबडी, हे सांगूनही खरं वाटलं नसतं.

मी बोटं मोजली. बारा नोव्हेंबरला बसली, एकवीस दिवस धरले तर पिल्लं तीन डिसेंबरला. जागा सोडायची तीसला. तीन दिवस कमी पडत होते! मी काळजीनं हे गणित मावशीला सांगितलं, तर ती हसायलाच लागली. म्हणाली, ‘‘अरे बाबा, कोंबो नाय तर पिलां खंयसून येतली?’’

खरंच की! चाळीत कोंबडा नव्हता. ती अंडी खायला उत्तम, पण त्यांतून पिल्लू निघणं शक्य नव्हतं. तांबडी एकवीस दिवस बसली असती आणि बाविसाव्या दिवशीही बसलीच असती. प्रश्न पिल्लांचा नव्हताच. प्रश्न तिचा होता. हिला उठवायची कशी, आणि हिला द्यायची कुणाला?

रविवार पुढे ढकललेल्या कोंबड्या

लालबाग-परळच्या चाळींत कोंबडी ही काही नवलाई नव्हती. कोकणातून गिरणीत आलेला माणूस गावाशी नातं तोडून आलेला नव्हता. गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं गावी जायची आणि येताना उकडे तांदूळ, सोलं, कुळीथ असं काहीबाही घेऊन यायची. त्यात कधी एखादी जिवंत कोंबडीही असे. ती आणलेली असे रविवारसाठी, वडे-सागोतीच्या बेतानं. पण शनिवारी तिनं अंडं घातलं की तिचा रविवार पुढे ढकलला जाई. असे चार-पाच रविवार पुढे गेले की पोरं तिला नाव ठेवत, आणि एकदा नाव ठेवलं की मग तिच्यावर सुरी चालवायला घरात कुणी तयार होत नसे. आमच्या लहानपणी पाहिलेल्या चाळीतल्या बहुतेक कोंबड्या अशा ‘राहून गेलेल्या’ होत्या.

शहरात कोंबडी येण्याची दुसरी वाट फुटपाथवरून जाते. गुलाबी, हिरवी, पिवळी अशी रंगवलेली पिल्लं टोपलीत घेऊन फेरीवाला बसलेला असतो आणि मूल हट्टाला पेटतं. ही पिल्लं येतात कुठून, हे पालकांना ठाऊक असायला हवं. अंड्यांसाठीच्या कोंबड्या पैदा करणाऱ्या उबवणी केंद्रांत पिल्लं जन्मताच नर-मादी वेगळे करतात. माद्या अंडी देतील म्हणून ठेवतात. नर त्या धंद्याला निरुपयोगी. त्यांतलेच काही रंगवून रस्त्यावर विकले जातात. उबेशिवाय आणि योग्य खाण्याशिवाय त्यांतली बरीचशी आठवडाभरही जगत नाहीत. जे जगतं, ते बहुधा कोंबडा निघतं आणि पहाटे चारला सगळ्या मजल्याला उठवतं. तो उजेड पाहून आरवतो असं आपण समजतो. पण जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं की, अंधाऱ्या खोलीत ठेवला तरी तो आपल्या शरीरातल्या घड्याळानुसार पहाटेच आरवतो. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण ठाऊक आहेच. कोंबडं झाकलं म्हणून त्याचं आरवणंही थांबत नाही! मग शेजाऱ्यांची तक्रार येते आणि ‘हा आता द्यायचा कुणाला?’ हा प्रश्न त्याही घरात उभा राहतो.

म्हणजे आणणं सोपं असतं. पाठवणी अवघड.

खुडूक म्हणजे काय?

आपल्या बोलण्यात ‘खुडूक’ हा शब्द चांगल्या अर्थानं येत नाही. एका जागी बसून राहणाऱ्या, कामाला न उठणाऱ्या माणसाला आपण तो चिकटवतो. कोंबडीवर तो अन्यायच आहे, कारण खुडूक कोंबडी आयुष्यातलं सर्वांत कष्टाचं काम करत असते.

गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि मग तिच्या शरीरात बदल होऊ लागतो. प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं. हे तेच, जे आईच्या अंगावर दूध आणतं. कोंबडीत ते दूध आणत नाही, बैठक आणतं. अंडी घालणं थांबतं. पोटाखालची पिसं गळतात आणि उघडी, गरम कातडी थेट अंड्याला भिडते. अंड्याला साधारण साडेसदतीस अंश सेल्सियस ऊब मिळत राहते. चोचीनं आणि पायानं ती दिवसातून अनेकदा अंडी फिरवते, बाहेरची आत घेते, आतली बाहेर सारते. दिवसातून एकदा, जेमतेम पंधरा-वीस मिनिटं उठते. तेवढ्यात चार दाणे, दोन घोट पाणी आणि दिवसभराची साठवलेली भलीमोठी दुर्गंधी विष्ठा, एवढं उरकून पुन्हा बैठक. या काळात तिचं वजन उतरतं, तुरा फिकट पडतो.

शेवटच्या एक-दोन दिवसांत तर अंड्याच्या आतून पिल्लू चिवचिवतं आणि कोंबडी त्याला हलक्या आवाजात उत्तर देते. पिल्लू बाहेर आलं तरी ती लगेच उठत नाही, मागे राहिलेल्यांची वाट बघते. त्याचीही सोय निसर्गानं केली आहे. बाहेर पडण्याआधी पिल्लानं अंड्यातला बलक पोटात ओढून घेतलेला असतो, त्यावर ते दोन-तीन दिवस सहज काढतं.

मग खुडूक बसणं हा दोष कधीपासून झाला? माणसानं अंडी मोजायला सुरुवात केली तेव्हापासून. देशी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. मधला काळ बसण्यात आणि पिल्लं वाढवण्यात जातो. पोल्ट्रीतली पांढरी लेगहॉर्न तीनशेच्या घरात जाते, कारण पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिच्यातली खुडूक बसण्याची वृत्तीच काढून टाकली आहे. अंडी उबवायला यंत्र आहे. यंत्राची कल्पनाही आजची नाही. इजिप्तमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीपासून भट्टीसारख्या खोल्यांत हजारो अंडी उबवत. यंत्र आलं आणि आईची गरज संपली. तेव्हापासून खुडूक कोंबडी म्हणजे फुकट खाणारी कोंबडी, असा हिशेब झाला.

उठवायची कशी?

मावशीच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या काकांनी, तोच हिशेब मांडला आणि तांबडीला बादलीतल्या गार पाण्यात बुचकळून काढलं. ती ओली झाली, रागावली, गॅलरीभर पाणी शिंपडलं आणि अर्ध्या तासात पुन्हा जाऊन बसली. अंडी काढून घेतली, तर काकांच्या चपलेवर बसली. खुडूक कोंबडीला अंडं लागतंच असं नाही. दगड, कांदा, काहीही चालतं.

खेड्यापाड्यांतून याहून कडक उपाय चालतात. नाकपुड्यांतून पीस आरपार घालतात, पाय बांधून ठेवतात, उपाशी ठेवतात. हे सगळं टाळावं. बुचकळण्यानं, विशेषतः पावसाळी हवेत, ती आजारी पडते. बाकीचे उपाय म्हणजे निव्वळ छळ.

जे खरोखर लागू पडतं ते साधं आहे. अंडी रोज उचलायची, साठू द्यायची नाहीत. मुळात खुडूक बसण्याची शक्यता त्यानं कमी होते. बसलीच, तर तिला अंधाऱ्या, उबदार कोपऱ्यातून काढून जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात ठेवायचं. पिंजरा विटांवर उंच, खालून वारा खेळता, भरपूर उजेड, आत पेंढा नाही, कापड नाही. पण दाणा-पाणी भरपूर. पोटाला खालून गारवा लागत राहिला की शरीराला समजतं, इथे बसून उपयोग नाही. बहुधा तीन ते पाच दिवसांत ती भानावर येते. बाहेर सोडल्यावर सरळ खुराड्याकडे धावली तर आणखी दोन दिवस. माती उकरायला लागली तर काम झालं. अंड्यावर यायला मग काही आठवडे लागतात, त्याची घाई करू नये.

आणि बसू द्यायचीच असेल, तर नुसती रिकामी बसू देऊ नये. कोंबडा नसलेल्या घरातली कोंबडी वांझ अंड्यांवर महिना-दीड महिना झुरत बसते आणि हाडांचा सापळा होते. एक तर तिला उठवा, नाही तर तिच्याखाली सजीव अंडी द्या. बसल्या जागी तिला रोज एकदा उठवून खायला घाला. जवळ राखेचं पसरट घमेलं ठेवा. एरवी ती मातीत लोळून अंगावरच्या उवा झाडते, बसल्या काळात ते राहून जातं आणि उवा माजतात.

हे सगळं मी मावशीला मोठ्या उत्साहानं ऐकवलं. पिंजरा आणायचीही तयारी दाखवली. ती म्हणाली, ‘‘उठवन करूचा काय? अठरा दिसांत तिका खंय ठेवतलंय, ता सांग आधी.’’

देणार कुणाला?

मुद्दा बरोबर होता. संक्रमण शिबिरातल्या खोलीत गॅलरी नव्हती. नवी इमारत उभी राहिली तर घर मिळणार सतराव्या मजल्यावर. तिथे खुराडं कोण ठेवू देणार?

गिरगावपासून परळपर्यंत आज हे अनेक घरांत घडतं आहे. चाळ रिकामी होताना माणसांची कागदपत्रं होतात, भाड्याचे धनादेश होतात. गॅलरीतल्या तुळशीचं, मांजराचं, पिंजऱ्यातल्या पोपटाचं, खुराड्यातल्या कोंबडीचं काय, हे कुठल्याच करारात नसतं. ते ज्यानं त्यानं आपापलं बघायचं.

मावशीकडे पर्याय आले नाहीत असं नाही. गल्लीतल्या चिकनवाल्यानं आपणहून विचारलं. वजनावर भाव देतो म्हणाला, गावठी म्हणून थोडा जास्तच. एका शेजाऱ्यानं क्रॉफर्ड मार्केट सुचवलं. १८६९ मध्ये उभ्या राहिलेल्या आणि आता महात्मा फुले मंडई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या बाजारात पक्षी विकत घेणारे भेटतात. पण तिथून पुढे कोंबडी कुठे जाते हे विचारायची सोय नसते. कुणी भुलेश्वरजवळच्या पांजरपोळाचं नाव काढलं. १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाईंच्या पुढाकारानं सुरू झालेली ही संस्था. पण तिचं मुख्य काम गाईगुरांचं. अशा कोणत्याही ठिकाणी आधी विचारल्याशिवाय करंडी घेऊन जाऊन उभं राहू नये. बदलापूरला फार्म हाऊस असलेले एक ओळखीचे गृहस्थ मात्र तयार होते. ‘‘द्या की, फिरेल बागेत,’’ म्हणाले. मावशीनं विचारलं, ‘‘रात्री खंय ठेवतास?’’ ते म्हणाले, ‘‘झाडावर बसेल.’’ मावशीनं विषय बदलला.

कोंबडी द्यायची असेल तर हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. रात्री ती कुठे असेल? मुंगूस, कोल्हा, रानमांजर, भटकी कुत्री, आणि मुंबईत तर घुशीसुद्धा. कोंबडीचे शत्रू बहुतेक अंधारातच येतात. दार लागणारं खुराडं नसेल तर ते घर नव्हे. दुसरा प्रश्न, आधीच्या कोंबड्या किती आहेत, आजारी आहेत का? तिसरा, अंडी देणं थांबल्यावर हिचं काय कराल? या तिसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर ऐकायची तयारी ठेवावी. आपण मांसाहारी माणसं. समोरचा ‘कापू’ म्हणाला तर तो खोटं तरी बोलत नाही. पण ‘आमच्याकडे आनंदात राहील’ एवढ्यावर हायसं वाटून घेऊन कोंबडी देऊन टाकणं, ही आपली आपण केलेली फसवणूक.

याला आणखी एक बाजू आहे, ती आजाराची. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा पोल्ट्रीतल्या कोंबड्यांबरोबर परसातल्याही माराव्या लागल्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला तो पुन्हा आला, आणि त्याच महिन्यात मुंबईतल्या मेलेल्या कावळ्यांतही सापडला. अशी साथ जवळपास असेल तेव्हा कोंबडी इकडून तिकडे हलवूच नये. पक्षी एकाएकी मरू लागले तर त्यांना हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवावं. एरवीही पाठवण्याआधी पंधरा दिवस मानमोडीची लस टोचून घ्यावी. डॉक्टरी भाषेत याच रोगाला राणीखेत म्हणतात आणि तो अख्खं खुराडं रिकामं करतो. आपल्या भागाचं भाग्य असं की, परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याच आवारात सर दिनशा पेटिट यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालयही. मावशीनं या दोघींना दिवाळीआधीच लस दिली होती, ती मात्र वेगळ्याच कारणानं. शेजारच्या चाळीतली एक कोंबडी मान टाकून मेली होती म्हणून.

जिथे ती हवी होती

पाचव्या दिवशी मावशीनं गावी नणंदेला फोन केला. खरं तर सामानाबद्दल. जुनं लाकडी कपाट आणि पाट-पाळणा गावच्या घरी पाठवायचा होता, त्याची खबर द्यायला. बोलता बोलता तांबडीचा विषय निघाला. पलीकडून नणंदबाई जवळजवळ ओरडल्याच. त्यांच्या घरची बसायची कोंबडी गणपतीनंतर मुंगसानं नेली होती. तांदळाच्या डब्यात अकरा अंडी जपून ठेवलेली, आणि अख्ख्या वाडीत रवणाला बसवायला खुडूक कोंबडी मिळत नव्हती! ‘‘वयनी, तिका उठवू नको. तशीच धाड.’’

मला या एका वाक्यानं बराच विचार करायला लावला. पाच दिवस आम्ही सगळे तांबडीचा दोष कसा घालवायचा यावर डोकं खाजवत होतो, आणि साडेचारशे किलोमीटरवर कुणी तरी नेमक्या त्याच दोषाची वाट बघत होतं. गावात खुडूक कोंबडीला मान असतो. शेजारीण ती मागून नेते, आपली अंडी तिच्याखाली ठेवते आणि निघालेली पिल्लं अर्धलीनं वाटून घेतात. चांगली बसणारी, अंडी न फोडणारी, पिल्लांवर घारीला झेप घेऊ न देणारी कोंबडी म्हातारी झाली तरी राखतात. शहर कोंबडीला अंड्यांवरून जोखतं. गाव तिला बसण्यावरूनही जोखतं.

रात्रीचा प्रवास

खुडूक कोंबडी हलवायची तर ती रात्री. दिवसा हलवली तर ती बिथरते आणि बैठक मोडते. अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही, ती शांत असते. सतरा नोव्हेंबरच्या रात्री सामानाचा टेम्पो निघाला. मावशीनं वेताच्या मोठ्या करंडीत पेंढा घातला, त्यावर कडुनिंबाचा पाला, त्यावर तीच दोन वांझ अंडी, आणि तांबडीला दोन्ही हातांनी खालून उचलून अलगद त्यावर ठेवलं. वरून सुती लुगड्याचा तुकडा बांधला, हवा जाईल असा. काळी दुसऱ्या करंडीत. एकटी कोंबडी पाठवू नये, ओळखीची सोबत असली की नव्या जागी ती लवकर रुळते. करंड्या कपाटाच्या आडोशाला, वारा थेट लागणार नाही अशा ठेवल्या. निघण्याआधी पाणी पाजलं. दाणा मात्र संध्याकाळीच, बेताचा. गाडीच्या टपावर किंवा पाय बांधून उलटी लटकवून कोंबडी नेणं हा प्रकार आजही रस्त्यावर दिसतो. त्यात तिचे पाय निखळतात आणि छातीवर भार येऊन जीव गुदमरतो.

काका टेम्पोजवळ उभे होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांतले ते एक. त्या वर्षी चूल चालेना म्हणून सगळं बिऱ्हाड गावी गेलं होतं. पण चार भावांत वाटलेल्या त्या तुकड्यावर आणखी चार तोंडं जगणं शक्य नव्हतं. वर्षभरात परत आले, मग एका गोदामात रखवालदारी केली. गिरणी काही पुन्हा त्यांच्यासाठी सुरू झाली नाही. करंडी आत सरकवताना ते एवढंच म्हणाले, ‘‘हिका तरी गावात काम आसा.’’ कुणी काही बोललं नाही. ड्रायव्हरनं ताडपत्री ओढली.

नव्या घरात

सकाळी दहाच्या सुमारास टेम्पो पोचला. पुढचं नणंदबाईंना सांगावं लागलं नाही. तांबडीची करंडी त्यांनी पडवीतल्या अंधाऱ्या खोलीत, घरच्या कोंबड्यांपासून दूर ठेवली. दिवसभर तिला तिच्या जुन्या दोन अंड्यांवरच बसू दिलं. रात्री दिवा न लावता तिच्याखाली हात घालून ती दोन काढली आणि अकरा अंडी एकेक करून सरकवली. कडेला कोळशाचा तुकडा आणि एक गंजका खिळाही ठेवला, वीज कडाडली तर अंडी बिघडू नयेत म्हणून. त्यातलं शास्त्र मला ठाऊक नाही, पण त्या घरात तो खिळा तीन पिढ्या याच कामाला आहे.

अंडी एकदम, एकाच रात्री द्यावीत; रोज एक घातलं तर पिल्लंही वेगवेगळ्या दिवशी निघतात आणि मागची वाया जातात. गावठी कोंबडीच्या पंखांखाली दहा-बारा अंडी मावतात, त्याहून जास्त ठेवली तर कडेची गार पडतात. अंडी आठवड्याच्या आतली असावीत. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात बॅटरीच्या झोतापुढे धरली की सजीव अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं, वांझ अंडं नितळ राहतं. ते काढून टाकावं.

काळीची गोष्ट वेगळी झाली. नवी कोंबडी थेट जुन्यांत सोडायची नसते. आधी दोन-तीन आठवडे वेगळी, आजार असेल तर तेवढ्यात कळतो. मग काही दिवस जाळीच्या आडून ओळख. मग संध्याकाळी, सगळ्या निजायच्या वेळी, एकत्र. तरीही टोचाटोची होतेच. कोंबड्यांत कुणी कुणाला टोचायचं याची पक्की उतरंड असते. नॉर्वेच्या थोरलीफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी शंभर वर्षांपूर्वी कोंबड्यांचं निरीक्षण करूनच ती मांडली. नवी आली की उतरंड पुन्हा ठरते आणि नवीची सुरुवात तळापासून. गावच्या घरी तीन आठवडे वाट बघायला कुणाला वेळ होता? आठव्या दिवशी काळीला बाहेर सोडलं आणि पहिल्याच दिवशी तिचा तुरा रक्ताळला. नणंदबाईंनी हळद लावून तिला पुन्हा वेगळी केली. नंतर ती रुळली, पण खुराड्यात नेहमी दाराजवळ, शेवटच्या जागी बसायची. पुढच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ती परतलीच नाही. बाहेर मोकळं फिरण्याची ही किंमत आहे. गॅलरीतून अंगणात कोंबडी पाठवणाऱ्यानं ती धरून चालावं.

तांबडीच्या अकरांतून नऊ पिल्लं निघाली. नऊ डिसेंबरला. मावशीचा मुक्काम तेव्हा संक्रमण शिबिरात हलला होता. खोलीत खोकी अजून सुटायची होती, नळाला पाणी नव्हतं. नणंदबाईंनी फोन लावला आणि तो खुराड्यापाशी धरला. मावशीनं आपला फोन स्पीकरवर टाकून चहाच्या डब्यावर ठेवला. आधी नुसती खरखर, मग चिवचिवाट, आणि त्याच्या मधून तांबडीचा तो घोगरा, हलका आवाज. काका टीव्हीचा आवाज बारीक करायला उठले.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, ‘‘मावशी, मे महिन्यात जाशील तेव्हा एखादी तलंग आणणार का?’’

‘‘खंय ठेवतलंय?’’ ती म्हणाली, आणि उठून खोकं सोडायला लागली. फळ्यांचं जुनं खुराडं तिनं टाकलं नव्हतं. धुऊन, वाळवून आणलं होतं. सध्या त्यात चपला ठेवतात.